समजा, खोली रिकामी आहे

मावशी आमच्या विभागात तीस वर्षं पाटीशेजारी बसल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला स्वतःबद्दलही लिहावं लागणार, आणि ते काही फारसं शोभेचं नाही. पण आज लिहिलं नाही तर पुढे कधीतरी मी ते सजवून लिहीन. मला माझा स्वभाव माहीत आहे.

पाटी म्हणजे एक लाकडी फळा. दुसऱ्या मजल्यावर जिना संपतो तिथे भिंतीला ठोकलेला. सात खोल्या, सात नावं, आणि प्रत्येक नावापुढे पत्र्याची एक सरकपट्टी. इकडे सरकवली की ‘आहेत’ दिसतं, तिकडे सरकवली की ‘नाहीत’. पट्ट्या सरकवणं, भेटायला येणाऱ्यांना सांगणं आणि सात किल्ल्यांचा जुडगा सांभाळणं, हे मावशींचं काम. नवरा छापखान्यात होता. त्याचा हात यंत्रात गेला, तेव्हापासून तो घरी आणि मावशी कामावर. नवऱ्याचा विषय निघाला की म्हणायच्या, “आमच्या घरात दोन माणसांची कामं आणि तीन हात.” आणि स्वतःच हसायच्या.

विभाग आमचा तत्त्वज्ञानाचा. त्यातही आम्ही पाचजण एकाच प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागलेले. एखाद्याला एखादी गोष्ट ‘ठाऊक आहे’ असं नेमकं कधी म्हणायचं? नुसतं खरं बोलून भागत नाही, कारण खरं नशिबानेही बोललं जातं. समजा, एका माणसाला खिडकीतून शेजारणीची छत्री फाटकाबाहेर जाताना दिसली. तो म्हणाला, शेजारीण बाहेर गेली. छत्री नेली होती तिच्या बहिणीने. पण शेजारीणही त्याच वेळी मागच्या दाराने खरोखरच बाहेर गेलेली. मग त्या माणसाला ते ठाऊक होतं का? यावर आम्ही तीन-तीन तास भांडतो आणि टेबलावरच्या चहावर साय धरते. उंटावरचे शहाणे म्हणा हवं तर.

या धंद्यात सुताराला जसा रंधा तसा आम्हाला ‘समजा’ हा शब्द. त्याचा एक दंडक असतो. ‘समजा’नंतर जे येतं त्याला हरकत घ्यायची नाही. पहिल्या वर्षाचा एखादा विद्यार्थी विचारतो, “पण खोली रिकामी आहे कशावरून?” आम्ही हसतो. अरे, समजा म्हटलंय ना, मग रिकामीच.

मावशींचं वैशिष्ट्य माझ्या लक्षात यायला मला सहा वर्षं लागली. त्या पाटीकडे तोंड करून बसायच्या, पाठ सगळ्या बोळाला. तरी पट्टी कधी चुकायची नाही. एकदा आमचे विभागप्रमुख परदेशी गेलेले, परवा परतायचे होते. भेटायला आलेल्या एका बाईंना मावशी म्हणाल्या, “आहेत.”

मी दारातून ओरडले, “अहो मावशी, ते परदेशात आहेत!”

“असतील. पण खोलीत आहेत.”

किल्लीने दार उघडलं तर प्रमुख अंधारात दोन खुर्च्या जोडून आडवे झालेले. दोन दिवस आधीच परतले होते आणि कुणी गाठू नये म्हणून पहाटेच येऊन लपले होते. सगळे पोट धरून हसले. मीही हसले, पण अंगावर काटा आला होता.

“तुम्हाला कळतं कसं?” मी विचारलं.

“त्यात काय कळायचंय?” त्या म्हणाल्या. “रिकाम्या खोलीचा आवाज पातळ असतो. माणूस बसला की जाड होतो. माझे वडील वेताच्या खुर्च्या विणायचे, दोन्ही डोळ्यांनी आंधळे. घरात कोण आहे, कोण नाही, ते मला विचारायचे. मी चुकले की काठी बसायची. मग चुकायचं बंद झालं.”

मावशींचं सगळ्यात जास्त सूत जमलं होतं ते थोरल्या सरांशी. सर माझे गुरू. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, बायको गेली, मूल नाही, तरी रोज यायचे. बोळाच्या टोकाची, मागच्या जिन्याला लागून असलेली खोली आम्ही त्यांच्याकडेच ठेवली होती. टाचेला लोखंडी नाल ठोकलेले जड बूट घालायचे. टक, टक, टक. पाटीपाशी थांबून मावशींना विचारायचे, “मावशी, मी आलोय का?” मावशी पट्टी सरकवून म्हणायच्या, “आता आलात.” हा रोजचा खेळ.

मग कार्यालयाचं पत्र आलं. दारावर कार्डाचं यंत्र बसणार, कोण आत कोण बाहेर ते यंत्र सांगणार, आणि वर्षाअखेर मावशींची जागा रद्द. कायम फार उशिरा केल्यामुळे निवृत्तिवेतन लागू व्हायला त्यांना चार वर्षं कमी पडत होती.

त्या काळात आमच्या क्षेत्रात एकच चर्चा चालू होती. कुणाच्या शब्दाला किती वजन द्यायचं? माणूस गरीब असला, कमी शिकलेला असला, बाईमाणूस असला की त्याचं सांगणं आपण नकळत हलकं धरतो, आणि हा त्याच्यावर ज्ञानाच्या पातळीवरचाच अन्याय असतो. यावर परिषदांवर परिषदा झाल्या. मी स्वतः तीन भाषणं दिली. चांगल्या टाळ्या पडल्या.

म्हणून मीच सुचवलं की मावशींची रीतसर चाचणी घेऊ. सहा महिने नोंदी ठेवू, कार्यालयाला दाखवू की ही बाई यंत्रापेक्षा खात्रीची आहे. मला मावशींची नोकरी वाचवायची होती हे खरं. मला त्यावर निबंध हवा होता हेही खरं. यातलं जास्त खरं कोणतं, ते मी आजही तराजूत घालून बघत नाही.

नियम मी केले. मावशींच्या खुर्चीभोवती दवाखान्यात असतो तसा घडीचा पडदा. किल्ल्यांचा जुडगा माझ्या खणात, म्हणजे त्यांनी दार उघडून बघितलं असा संशय नको. दिवसातून एकदा-दोनदा, कधीही, मी एक खोली विचारणार, त्या ‘आहेत’ किंवा ‘नाहीत’ म्हणणार, मी वहीत लिहिणार. आणि उत्तर बरोबर की चूक, ते त्यांना सांगायचं नाही.

हा शेवटचा नियम त्यांना सोसला नाही. तीस वर्षं ज्या बाईने कधी मागे वळून बघितलं नव्हतं, ती माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागली.

“बाई, बरोबर का?”

“सांगता येत नाही, मावशी.”

“नुसती मान हलवा.”

“नाही हलवता येत.”

त्या वाळत चालल्या. डबा तसाच परत न्यायच्या. उत्तरं मात्र एकशे ऐंशी, दोनशे, दोनशे दहा, एकही चूक नव्हती. रात्री वही चाळताना मला आनंद व्हायला हवा होता. मी वही पालथी घालून झोपायचे.

आमच्यात एक तरुण प्राध्यापक होता. प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘पण’ने करायचा म्हणून आम्ही त्याला पणसाहेब म्हणायचो. तो म्हणाला, “पण त्या नुसती पावलंच ऐकत असतील तर?” म्हणून एक दिवस सर घरी असताना तो सरांचे बूट घालून जिना चढला. टक, टक, टक. पडद्यापाशी थांबला. आवाज ओळखू येईल म्हणून सरांचा खेळ न खेळता गप्प उभा राहिला.

पडद्याआडून मावशी हळू आवाजात म्हणाल्या, “बूट आलेत. सर नाही आले.” आणि पुढे विचारलं, “बाई, सर बरे आहेत ना?”

पणसाहेबाने तिथल्या तिथे बूट काढले आणि हातात धरून अनवाणी गेला.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण निबंधाला कळस हवा होता, आणि तो मला छत्रीच्या उदाहरणात सापडला. शुक्रवारी दुपारी सर आपले बूट पणसाहेबाला देणार, पायात कापडी बूट चढवून मागच्या जिन्याने गुपचूप घरी जाणार. त्यानंतर पणसाहेब सरांच्या खोलीपासून बूट वाजवत बोळातून चालत जिना उतरणार. मावशी बूट गेलेले ऐकतील आणि म्हणतील, “नाहीत.” ते खरंच असेल, पण चुकीच्या कारणाने खरं. मग ते ज्ञान म्हणायचं का? प्रमुख त्याच संध्याकाळी परगावच्या परिषदेत हे मांडणार होते. सगळे तिथे माझ्या नोंदीची वाट बघत होते. योजनेच्या कागदावर मी पहिली ओळ लिहिली होती, ‘समजा, खोली रिकामी आहे.’

सरांना हा बेत फार आवडला. “म्हातारपणी चोरासारखं पळायला मिळतंय,” म्हणाले. बारा वाजता पणसाहेबाने बूट घेतले तेव्हा सर मांडीवर कापडी बूट ठेवून बसले होते. “दहा मिनिटांत निघतो रे, तू लाव दार.” त्याने दार ओढून घेतलं. लॅच लागलं. साडेबाराला तो बूट वाजवत गेला आणि खालूनच बसस्टॉपकडे निघून गेला.

मी पडद्यापाशी गेले. “मावशी, थोरले सर?”

“आहेत.”

मी लिहायला टेकवलेलं पेन तसंच राहिलं. या उत्तरासाठी माझ्याकडे रकानाच नव्हता. बरोबर उत्तर ‘नाहीत’ होतं, कारण ते मीच ठरवलं होतं. सहा महिन्यांतली पहिली चूक, आणि तीही आजच.

“नीट विचार करून सांगा.”

“बूट गेले ते ऐकलं मी. सर आहेत.” पडद्याआडून त्या उठून बाहेर आल्या. “आवाज नीट नाही येत, बाई. खोली जाड आहे, पण खाली आहे. जमिनीशी. किल्ली द्या.”

“चाचणी चालू असताना किल्ली देता येत नाही, तुम्हाला माहीत आहे.”

“मग तुम्ही उघडा.”

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, “मावशी, आत्ता दार उघडलं तर सहा महिन्यांच्या नोंदी वाया. मग तुमच्या नोकरीचं मला काही करता येणार नाही.”

त्यांनी मान खाली घातली. कुणाच्या शब्दाला किती वजन द्यायचं यावर तीन भाषणं दिलेली बाई आपल्या खोलीत गेली आणि वहीत दोनशे बाराव्या ओळीपुढे तिने ‘चूक’ असं लिहिलं. मग तक्ता परिषदेला पाठवायला बसली.

बोळातून पुटपुटल्याचा आवाज येत होता. दारातून डोकावले तर मावशी सरांच्या दाराला तोंड लावून काहीतरी बोलत होत्या. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘चुकीनंतर अस्वस्थ. दाराशी बोलतात.’ तीनला मी निघाले. मागून कळलं, त्या खाली पहारेकऱ्याकडेही गेल्या होत्या. तो म्हणाला, “बाईंची चिठ्ठी आणा, मग कुलूप तोडतो.” सहाला त्याने त्यांना बाहेर काढून इमारत बंद केली. शनिवार-रविवार सुट्टी होती.

सोमवारी सकाळी सात वाजता मावशी माझ्या घरी आल्या. त्यापूर्वी कधी आल्या नव्हत्या. नुसता हात पुढे केला. मी खणाची किल्ली घेतली आणि त्यांच्याबरोबर गेले.

सर दारापासून हातभर अंतरावर होते. एका पायात कापडी बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि तिथपासून दारापर्यंत सतरंजी चुरगळत आली होती. डॉक्टर म्हणाले, वाकून बूट चढवताना झटका आला असावा, वाचा गेली असावी. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तरी होते. लवकर कळलं असतं तर, असं म्हणून ते थांबले. नंतर मी मोजलं. माझ्या टेबलापासून त्या दारापर्यंत चौदा पावलं होतात.

दोनशे बारापैकी दोनशे बारा. वहीतला ‘चूक’ शब्द मी खोडला नाही. प्रमुख एकदा म्हणाले, “आता तर हे उदाहरण आणखीच...” आणि माझा चेहरा बघून निघून गेले. पणसाहेब दुसरीकडे गेला. चौकशीत मी माझं जे होतं ते सगळं सांगितलं, ठपका लागला, पगारवाढ थांबली, आणि आयुष्य लाज नसल्यासारखं पुढे चालू राहिलं. यंत्र आलंच. त्याच्या तारा आणि पेट्या ठेवायला माझी खोली गेली. मला सरांची मिळाली.

मावशींना वर्षाअखेरपर्यंत ठेवलं होतं. पडदा गेला, किल्ल्या परत मिळाल्या. मी सकाळी आले की त्या माझी पट्टी ‘आहेत’वर सरकवत. आणि मग सरांची. फळ्यावरून सरांचं नाव काढायला कुणाचा हात धजावला नव्हता. मी संध्याकाळी निघाले की दोन्ही पट्ट्या ‘नाहीत’वर. प्रमुख येता-जाता सरांची पट्टी मागे करत, थोड्या वेळाने ती पुन्हा ‘आहेत’वर असे. “वय झालं त्यांचं,” प्रमुख म्हणाले. “तू समजाव.”

मी समजावलं नाही. त्या खोलीत बसल्यावर माझी पाठ दाराकडे होते आणि मला ते सहन होत नसे, म्हणून मी टेबल फिरवून घेतलं होतं. तरी वाचताना मधेच थांबायचे. कुणीतरी सतरंजीवर, खाली, जमिनीशी.

शेवटच्या दिवशी दुपारी मी मावशींपाशी स्टूल घेऊन बसले.

“मावशी, सरांची पट्टी. मी असते तेव्हाच का?”

“कारण तुम्ही आलात की ते येतात. तुम्ही गेलात की खोली पातळ.”

“माझ्यावर राग आहे त्यांचा?”

“राग? सरांचा?” त्यांना खरंच नवल वाटलं. “वाट बघतात ते.”

मला पुढचं विचारायचं नव्हतं. इतके महिने विचारलं नव्हतं. “त्या दिवशी तुम्ही दाराशी काय बोलत होतात?”

मावशी जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून सोडवत होत्या, कार्यालयात जमा करायला. हात न थांबवता म्हणाल्या, “मी सांगितलं, सर, घाबरू नका. बाई किल्ली आणायला गेल्यात. आत्ता येतील.”

मला बसल्या जागी रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं.

“खोटं बोलले मी,” त्या म्हणाल्या. “पण त्यांनी विश्वास ठेवला ना. माझ्या शब्दावर बसलेत अजून.” त्यांनी एक किल्ली बाजूला काढली आणि माझ्या हातात ठेवली. “ही काही मी जमा करणार नाही. जा. मी आहे इथे.”

माझ्या जुन्या खोलीपासून पुढची ती चौदा पावलं मी कशी चालले कोण जाणे. खोलीचं दार उघडंच होतं. मी बाहेर उभं राहून ते ओढून घेतलं. लॅच लागलं. मग वाजवलं. मग किल्ली लावली, फिरवली आणि दार ढकललं.

“सर,” मी म्हणाले, “उशीर झाला मला. आणलीये किल्ली.”

खुर्ची, टेबल, सतरंजी. खिडकीबाहेर कुणीतरी सायकल उभी करत होतं. आणि मग मला ते ऐकू आलं, जन्मात पहिल्यांदा. खोलीचा आवाज पातळ झाला.

बोळाच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याची पट्टी सरकली. एकच. कोणती, ते बघायला मी गेले नाही. मावशींनी सरकवली होती, म्हणजे बरोबरच असणार.